जुन्या चासीवरील नवे वाहन : सांगाड्याचे बल आणि सांगाड्याची ओळख

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वीपर्यंत पुणे-मुंबई किंवा पुणे-नाशिक रस्त्यावर एक दृश्य सर्रास दिसत असे. डोक्याला मफलर गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल चढवलेला चालक उघड्यावर एका फळीवजा आसनावर बसलेला आहे. पुढे इंजिन, मागे लांबच लांब लोखंडी पट्ट्या, खाली चाके. ना छप्पर, ना दरवाजे, ना हौदा. कारखान्यातून निघालेली ही ट्रकची नुसती चासी बॉडी बांधणाऱ्याकडे निघालेली असे. आपण त्याकडे अर्धवट वाहन म्हणून पाहत होतो. यांत्रिक दृष्टीने मात्र ते पूर्ण वाहन होते. जे नंतर वर चढवायचे होते त्याविना ते शेकडो किलोमीटर धावू शकत होते.

प्रस्तुत लेखाचा विषय याच वस्तुस्थितीतून निर्माण होतो. चासी बॉडीविना जगू शकते, म्हणून बॉडी मेल्यावरही ती उरते. आणि उरलेल्या चासीवर वेगळेच वाहन उभे करता येते. ब्रिटन व अमेरिकेत अशा वाहनांचे सुटे संच विकत मिळतात. ग्राहक जुनी गाडी घेतो, तिची बॉडी उतरवतो आणि संचातील नवी, हलकी, आडवाटेला योग्य अशी बॉडी तिच्या चासीवर बसवतो. यांना किट वाहने म्हणतात. हा श्रीमंतांचा छंद आहे असे समजून विषय बाजूला सारता येईल. पण त्यात पदार्थविज्ञानाचा एक आणि कायद्याचा एक असे दोन गंभीर प्रश्न दडलेले आहेत, आणि दोन्ही प्रश्न एकाच लोखंडी सांगाड्यापाशी येऊन थांबतात. आपल्या महाविद्यालयांच्या कार्यशाळांतही भंगारातील सांगाड्यांवर प्रकल्प उभे राहत असल्याने त्यांचा विचार अध्यापकांनी करणे अगत्याचे आहे.

शिडी आणि पिळ

ट्रकच्या चासीचा आकार जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिडीसारखा असतो. दोन उभे दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या अनेक आडव्या पट्ट्या. इंजिन, गियरबॉक्स, पुढचा-मागचा अॅक्सल, पाटे, स्टिअरिंग हे सर्व या शिडीलाच टांगलेले वा बसवलेले असते. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींत अशी शिडी नसते. तेथे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो. म्हणून अशा मोटारीची बॉडी गंजली की मोटार संपली. शिडीच्या वाहनाचे तसे नाही.

शिडीचा दांडा दोन प्रकारचा असतो. ट्रकमध्ये तो बहुधा इंग्रजी सी अक्षरासारखा, एका बाजूने उघडा असतो. जीपवर्गीय अनेक वाहनांत तो चारही बाजूंनी बंद, म्हणजे पेटीसारखा असतो. वजनाखाली वाकण्याच्या बाबतीत या दोहोंत फार मोठे अंतर नाही. पिळण्याच्या बाबतीत मात्र प्रचंड आहे. समजा, १०० मिलिमीटर बाजू आणि ३ मिलिमीटर जाडी असलेली चौकोनी पोकळ नळी घेतली. तिचा पिळास विरोध करणारा स्थिरांक सुमारे ३० लाख मिलिमीटरचा चतुर्थ घात इतका येतो. आता त्याच नळीला लांबीभर एक बारीक चीर पाडली, लोखंड एक ग्रॅमही कमी केले नाही, तर तोच स्थिरांक ३,६०० वर येतो. म्हणजे आठशे पटींहून अधिक घट! पदवीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर सोडवले की विद्यार्थी आकडेमोडीत चूक शोधू लागतात. चूक नसते.

आडवाटेला या गोष्टीचे महत्त्व लगेच कळते. पुढचे डावे चाक दगडावर चढले आणि मागचे उजवे खड्ड्यात उतरले की सांगाडा पिळतो. उघड्या सी-चॅनेलची चासी या पिळाला फारसा विरोध करत नाही. ती स्वतःच थोडी वळते आणि चाके जमिनीला टेकून राहतात. जड ट्रकच्या पाट्यांची हालचाल मर्यादित असल्यामुळे हे वळणे उपयुक्तच ठरते. परंतु अशा वळणाऱ्या शिडीवर कोणी ताठ, नळ्यांच्या पिंजऱ्याची बॉडी आठ-दहा ठिकाणी घट्ट बोल्ट करून बसवली, तर पिळाचे सारे बल त्या बोल्टांच्या जागी गोळा होते आणि तेथे भेगा पडतात. म्हणूनच जाणते कारागीर बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबरी गाद्या घालतात व एका टोकाचे आधार थोडे सैल ठेवतात. पेटीच्या छेदाच्या चासीत उलट विचार असतो : सांगाडा ताठ ठेवायचा आणि चाकांची वर-खाली हालचाल लांब स्प्रिंगांवर सोपवायची.

पेटीचा एक दोषही येथेच नोंदवला पाहिजे. सी-चॅनेलचा गंज डोळ्यांना दिसतो. पेटी आतून गंजते आणि बाहेरून रंगवलेली, देखणी राहते. तिची परीक्षा हातोडीने करावी लागते. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतला पत्रा गेलेला असतो.

एका चासीचा वंश

जुन्या सांगाड्यावर नवे वाहन ही कल्पना हौशी मंडळींची नव्हे. ब्रिटनमधील रोव्हर कंपनीने १९४७ साली शेतकऱ्यांसाठी जे वाहन करून पाहिले, त्याचा पहिला नमुना चक्क अमेरिकी जीपच्या चासीवर उभारलेला होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४८ मध्ये, अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात हे वाहन लँड रोव्हर या नावाने मांडले गेले. तोवर चासी कंपनीची स्वतःची झाली होती. पण पुढील व मागील चाकांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ते जीपइतकेच ८० इंच राहिले होते. युद्धोत्तर टंचाईमुळे पोलादावर नियंत्रण होते, म्हणून बॉडीला अॅल्युमिनियमचा पत्रा वापरला गेला.

याच कंपनीने जून १९७० मध्ये रेंज रोव्हर बाजारात आणली. १०० इंचांचा व्हीलबेस, पेटीच्या छेदाची शिडी, पाट्यांऐवजी वेटोळ्या स्प्रिंगा, कायम चारही चाकांना मिळणारी गती आणि साडेतीन लिटरचे अॅल्युमिनियमचे आठ सिलिंडरी इंजिन. १९७९ आणि १९८१ च्या पॅरिस-डाकार शर्यतींत मोटारींच्या गटात हीच गाडी पहिली आली. रेंज रोव्हर हा ट्रक नव्हे, हे खरे. तथापि तिचा सांगाडा ट्रकच्याच कुळातला आहे आणि आपल्या विषयाला तिच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. याचे कारण तिच्या एका विचित्र दोषात आहे. तिच्या बॉडीचा बाहेरचा पत्रा बव्हंशी अॅल्युमिनियमचा, पण आतला आधार पोलादी होता. ब्रिटनच्या ओल्या हवेत आणि रस्त्यांवर हिवाळ्यात टाकल्या जाणाऱ्या मिठात तो आतला आधार कुजे. वीस वर्षांच्या गाडीची बॉडी मोडकळीस आलेली, आणि खाली जाड पत्र्याची चासी, अॅक्सल, इंजिन अजून कामाचे, अशी स्थिती हजारो गाड्यांची झाली. त्यात १९८९ साली आलेली डिस्कव्हरी ही गाडीही मूलतः याच १०० इंची चासीवर बांधलेली असल्याने दात्या गाड्यांचा पुरवठा आणखी वाढला.

अशा चासींवर दोन तऱ्हांची वाहने झाली. पहिली तऱ्हा संचाची. 'डाकार' या नावाने विकला गेलेला संच रेंज रोव्हरच्या चासीवर उघड्या वाळवंटी गाडीसारखी बॉडी बसवीत असे. दुसरी तऱ्हा घरगुती संकराची. रेंज रोव्हरची चासी घ्यायची आणि तिच्यावर जुन्या लँड रोव्हरचा पत्रा चढवायचा. किंवा मूळ बॉडीचाच मागचा भाग कापून शेपूट तोडलेल्या कुत्र्यासारखी आखूड गाडी करायची. इंग्रजीत तिला 'बॉबटेल' असेच म्हणतात.

येथे अमेरिकेतील ब्रूस मायर्स यांची आठवण अपरिहार्य आहे. होड्या बांधणाऱ्या या कॅलिफोर्नियातील कारागिराने १९६४ मध्ये फायबर ग्लासची मँक्स ही वाळूवरची बग्गी तयार केली. नंतरच्या संचांसाठी त्याने फोक्सवॅगन बीटलचा तळ सुमारे ३६ सेंटिमीटरने आखूड केला. त्याने सुमारे सहा हजार संच विकले. नकला त्याच्या कित्येक पट निघाल्या, न्यायालयात स्वामित्वाचा दावा तो हरला आणि १९७१ पर्यंत त्याचा धंदा बंद पडला. परंतु त्याचा पाया मोटारीचा सपाट तळ होता, ट्रकची शिडी नव्हे. मँक्स वाळूवर तरंगते. शिडीवरची वाहने दगडांवर चढतात.

कापणे आणि जोडणे

चासी आखूड का करावीशी वाटते? आडवाटेला वाहनाचे पोट टेकू नये म्हणून. दोन चाकांच्या मध्ये उंचवटा आला तर तो किती तीव्र असला तरी पार होईल, हे व्हीलबेस आणि जमिनीपासूनची उंची यांवर ठरते. उंची २५ सेंटिमीटर धरली तर १०० इंची चासीसाठी हा कोन सुमारे २२ अंश येतो. ८० इंचांसाठी जवळजवळ २८ अंश. सहा अंशांचा हा लाभ मोहात पाडणारा आहे. मागच्या चाकापलीकडे लोंबणारा भाग कापला तर चढ उतरून येताना मागची बाजू घासत नाही, हा दुसरा लाभ. (उलट दिशेचा प्रयोगही जगाने पाहिला आहे. फिलिपीन्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याच्या उरलेल्या जीप लांब करून त्यांच्या प्रवासी 'जीपनी' झाल्या.)

या दोन कापण्यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मागचे लोंबते टोक कापल्याने मुख्य भार वाहणारा भाग अबाधित राहतो. मधला भाग कापून पुन्हा जोडणे म्हणजे जेथे वाकणारे बल मोठे असते तेथेच वेल्डिंग करणे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात. जड ट्रकचे काही दांडे तर उष्णतेची प्रक्रिया करूनच बळकट केलेले असतात. त्यांवर वेल्डिंग केले की ती कमावलेली बळकटी त्या पट्ट्यात नाहीशी होते. म्हणूनच ट्रक उत्पादक बॉडी बांधणाऱ्यांना दांड्याच्या वरच्या व खालच्या पट्टीला भोके पाडू नका, असे बजावतात. वाकताना सर्वाधिक ताण याच दोन पट्ट्यांत असतो. मधल्या उभ्या पत्र्यात, मध्यरेषेजवळ, तो जवळजवळ शून्य असतो. भोक पाडायचेच तर तेथे.

ज्यांना कापणे भागच असते ते कारागीर दांडा सरळ आडवा कापत नाहीत. ते पायरीसारखा किंवा तिरका छेद घेतात, म्हणजे सारे वेल्डिंग एकाच छेदात येत नाही. वर दोन्ही बाजूंनी टोकदार पट्टी जोडतात. पट्टीचे टोक चौकोनी ठेवले तर तेथे ताण अचानक बदलतो आणि काही हजार हेलकाव्यांनंतर नेमकी वेल्डिंगच्या टोकापासून भेग निघते. ही भेग एका दिवसात पडत नाही, हाच तिचा खरा धोका. पहिल्या सहलीत गाडी उत्तम चालते. मालकाचा विश्वास बसतो.

कापाकापीहून कमी बोलले जाणारे आणखी एक संकट वजनाचे आहे. ट्रकचे पाटे काही टनांसाठी केलेले असतात. त्यावर हलकी फायबर बॉडी बसवली तर गाडी दगडावर चेंडूसारखी उडते. ब्रेकचे पुढे-मागे असलेले वाटपही मूळ भारासाठी ठरवलेले; मागचा भार गेला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. त्यात मोठी चाके लावून गाडी उंच करण्याची हौस! चाकांमधील आडवे अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर गाडी सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभी राहील. गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर नेला की हा कोन ४० अंशांखाली येतो. आणि हा हिशेब उभ्या गाडीचा आहे, वळणाऱ्या गाडीचा नव्हे.

चांगला संच कोणता, याबद्दल प्रस्तुत लेखकाचे मत या सर्व विवेचनावरून बनले आहे : जो चासीला हात न लावता तिच्या मूळ आधारांवर बसतो आणि मूळ बॉडीच्या वजनापासून फार दूर जात नाही, तो. दिसण्यातील धाडस हा निकष होऊ शकत नाही.

वाहन 'तेच' केव्हा राहते?

बॉडी बदलली, आसने बदलली, रंग बदलला. मग हे जुनेच वाहन की नवे? तर्कशास्त्राच्या वर्गात फळ्या बदलत गेलेल्या जहाजाचे जे कोडे घालतात, ते वाहन नोंदणी कार्यालयाला रोज सोडवावे लागते. ब्रिटनने त्याचे उत्तर चक्क गुणपत्रिकेच्या रूपाने दिले होते. मूळ अथवा उत्पादकाकडून घेतलेली, फेरफार न केलेली चासी असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, गियरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला अवघा १. एकूण १४ पैकी किमान ८ गुण मिळाले तर जुना नोंदणी क्रमांक टिकत असे. चासी कापलेली असेल किंवा गुण अपुरे असतील तर वाहनाची स्वतंत्र तपासणी होऊन 'क्यू' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळे. त्या तपासणीत बॉडीच्या बाहेरच्या कडांची गोलाईही पाहिली जाते. पादचाऱ्याला लागू शकणारी कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची असावी लागते. बॉडी नाही, इंजिनही नाही, तर शिडी हीच वाहनाची ओळख, हा या पद्धतीचा आशय मला यांत्रिक दृष्टीनेही यथार्थ वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हे धोरण शिथिल झाले. रचनेत मोठे बदल केलेल्या वाहनांनाही, बदल कळविल्यास, मूळ ओळख टिकविता येऊ लागली.

अमेरिकेत ही बाब राज्याराज्यांवर सोपवलेली आहे. कॅलिफोर्निया राज्य स्वतः बांधलेल्या वाहनांना प्रदूषणाच्या नियमांतून एक विशेष वाट देते, पण वर्षाला केवळ ५०० वाहनांपुरती.

भारतातील स्थिती

आपल्याकडे जीपचा इतिहासच संचाने सुरू होतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलिस जीप सुट्या भागांतून जोडण्यास प्रारंभ केला. चक्र पुढे असे फिरले की २०१८ मध्ये याच कंपनीने रॉक्सर ही केवळ आडवाटेसाठीची गाडी भारतातून सुट्या भागांच्या रूपाने अमेरिकेत नेऊन मिशिगन राज्यात जोडली, आणि ती जीपसारखी दिसते म्हणून तेथे खटला ओढवून घेतला.

जुन्या चासीवरील जीपचे आपले मोठे केंद्र म्हणजे हरियाणातील, पंजाबच्या सीमेवरचे मंडी डबवाली. जुन्या जीपचे भाग, नव्याने बनवलेले पत्रे आणि ग्राहकाची हौस यांतून तेथे उघड्या जीप तयार होतात व देशभर जातात. तेथील हातांचे कौशल्य निर्विवाद आहे. कागदांचे तसे म्हणता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याआधी २०१३ मध्ये, पाण्याच्या पंपाचे इंजिन लावलेला उत्तरेकडील 'जुगाड' हाही मोटार वाहनच होय, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते.

या कडकपणाबद्दल हौशी मंडळींची तक्रार असते. ती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये तपासणीची वाट आहे : कापा, जोडा, पण आणून दाखवा. आपल्याकडे सामान्य माणसाला एकट्या वाहनाची अशी तपासणी करून घेण्याची सुलभ सोय नाही. म्हणून चांगले वेल्डिंग आणि वाईट वेल्डिंग कायद्यापुढे सारखेच ठरतात. परंतु दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. फेरफार केलेल्या गाडीने रस्त्यावर कोणाला जखमी केले तर विमा कंपनी प्रथम हाच मुद्दा पुढे करते, आणि भरपाईसाठी खेटे घालण्याची पाळी त्या जखमी माणसावर येते. त्याने कोणतीच हौस केलेली नसते.

महाविद्यालयीन कार्यशाळा

२००७ पासून इंदूरजवळ पिथमपूर येथे सुरू झालेल्या बाहा स्पर्धेमुळे आडवाटेचे वाहन हा आपल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा आवडता विषय झाला आहे. तेथे जुनी चासी चालत नाही. चालकाभोवतीचा पिंजरा नव्या पोलादी नळीचा आणि त्या पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन, असा दंडक आहे. हा दंडक विचारात घेण्यासारखा आहे. नव्या नळीसोबत तिच्या घटकांचा दाखला येतो. भंगारातील चासीसोबत काय येते? तिने किती वर्षे किती जादा माल वाहिला, ती कधी उलटली होती का, कोणत्या गॅरेजात कोणी तिला सांधले, यातले काहीच नाही. तरीही तंत्रनिकेतनांत आणि लहान महाविद्यालयांत नव्या नळीचा खर्च परवडत नाही म्हणून भंगारातील सांगाडा आणला जातो, हे वास्तव आहे. तो आणू नये असे म्हणणे सोपे. मुलांच्या हाताला काम कोठून द्यायचे, हा प्रश्न मग उरतो.

आणलाच तर काही गोष्टी कराव्यात. सांगाडा कोठून आला याची पावती घ्यावी. २०२१ च्या नियमांनंतर मान्यताप्राप्त केंद्रात मोडीत निघालेल्या वाहनाचा चासी क्रमांक कापून वेगळा केलेला असतो. अशा सांगाड्यावरील वाहन रस्त्यावर जाऊच शकत नाही, आणि विद्यार्थ्यांना ते पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे. सांगाडा सरळ आहे की नाही हे पाहण्यास महागडे यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर तो ठोकळ्यांवर ठेवून दोन्ही दांड्यांवरील समोरासमोरच्या भोकांतून ओळंबे सोडावेत, फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि कर्ण मोजावेत. दोन कर्णांत काही मिलिमीटरांहून अधिक फरक आला तर सांगाडा कधीतरी मार खाल्लेला आहे. नंतर जुना रंग खरवडून प्रत्येक सांध्यावर भेग दाखवणारे तांबडे द्रव लावावे, पुसावे आणि पांढरा फवारा मारावा. भेग असेल तर पांढऱ्यावर तांबडी रेघ उमटते. ती केसाएवढी असली तरी पुरे. अशा सांगाड्यावर इंजिन चढवू नये. तो भौतिकशास्त्र विभागाला द्यावा. एक टोक पक्के करून दुसऱ्याला वजने टांगली की पिळाचा प्रयोग त्यावर उत्तम होतो.